बिनइस्त्रीचा महिना

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाणी तापवणारी जी सोलरची टाकी दिमाखात उभी आहे, ती माझ्या शर्टामुळे उभी आहे. हे वाक्य मी कुणालाही, कुठेही ऐकवायला तयार असतो आणि ऐकवतोही. त्यामुळे हल्ली जिन्यात मी दिसलो की लोक भराभर वर चढतात. चढोत बापडे. मोठं काम करणाऱ्या माणसाला थोडा एकटेपणा सोसावाच लागतो.

सुरुवात कारंज्यापासून झाली. आमच्या इमारतीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी आहेत. कोणत्या खात्यातले, हे आजवर कुणाला कळलेलं नाही, पण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘आमच्या खात्यात’ असं सुरू होतं आणि समोरच्याला आपण उगीचच गुन्हेगार आहोत असं वाटायला लागतं. तर या अध्यक्षांनी खाली गाड्या लावायच्या जागेत बैठक बोलावली आणि इमारतीच्या शिल्लक निधीतून फाटकापाशी कारंजं बांधायचा ठराव मांडला. कारंज्यात रंगीत दिवे असणार होते आणि ते दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत रंग बदलत राहणार होते.

मी उठून उभा राहिलो. मी विमा कचेरीत हेडक्लार्क आहे. आमच्या कचेरीत त्याच आठवड्यात विजेची बचत आणि हवामान या विषयावर एका तज्ज्ञांचं व्याख्यान झालं होतं. जेवणानंतर असल्यामुळे अर्धं व्याख्यान मी डोळे मिटून ऐकलं, पण उरलेलं अर्धं माझ्या काळजाला भिडलं होतं. मी म्हणालो, “आपण इथे बटण दाबतो, तेव्हा तिकडे कुठेतरी कोळसा जळतो. त्याचा धूर आपल्या नातवंडांच्या नाकात जाणार आहे. कारंज्यापेक्षा गच्चीवर सोलर बसवा. सगळ्यांना गरम पाणी मिळेल आणि धूरही वाचेल.”

भाषण चांगलं झालं होतं. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी तर मानही डोलावली. पण अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की कुणाची तरी चौकशी सुरू होते.

“आमच्या खात्यात,” ते म्हणाले, “आधी बोलणाऱ्याची फाईल बघायचे. तुमच्या घरी माणसं दोन. तुमचं बिल किती येतं?”

आता इमारतीत सगळ्यांची बिलं एकाच पेटीत पडतात आणि सगळ्यांना सगळ्यांची पाठ असतात. दोन माणसांच्या बिऱ्हाडांत आमचं बिल सर्वांत जास्त होतं. कुणीतरी मागून म्हणालं, “धूर यांच्याच घरातून निघतोय.” मग लोक हसले. नुसते हसले नाहीत, मनापासून हसले. मान डोलावणाऱ्या वहिनीही हसल्या.

माझा स्वभाव तसा शांत, पण माझ्या भाषणावर कुणी हसलेलं मला खपत नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, “पुढच्या बैठकीपर्यंत माझं बिल कमी करून दाखवतो. नाही झालं, तर कारंज्याच्या ठरावाला पहिला हात माझा वर होईल. झालं, तर सोलर.” अध्यक्ष लगेच म्हणाले, “मंजूर.” इतक्या चपळाईने त्यांनी आजवर गळक्या पाइपाचीही दुरुस्ती मंजूर केलेली नाही.

वर आल्यावर बायको म्हणाली, “मला विचारायचं तरी.” ती वाचनालयात ग्रंथपाल आहे. तिला सगळ्या गोष्टी आधी विचारून, नोंद करून लागतात. पण रागावली नाही. म्हणाली, “सोलर झालं तर मला हवंच आहे. पण तुम्ही काहीतरी उलटसुलट करणार, एवढं मला दिसतंय.”

दुसऱ्याच दिवशी मी वीज मोजायचं यंत्र आणलं. हातात मावेल एवढं असतं. ते भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचं आणि त्यात आपल्या उपकरणाची पिन खोचायची. कोण किती वीज खातं, ते आकड्यात दिसतं. मी घरातल्या एकेका वस्तूला रांगेने चौकशीला उभं केलं. टीव्ही, मिक्सर, टेबलफॅन, फोनचा चार्जर. फ्रीजचा आकडा इतका लहान निघाला की मला त्याच्याविषयी आदर वाटला. बिचारा दिवसभर गुणगुणत उभा असतो आणि खातो केवढंसं. मग मी इस्त्रीची पिन खोचली. आकड्याने अशी उडी मारली की मी दोन पावलं मागे सरलो.

“सापडला चोर,” मी म्हणालो.

“अहो, पण इस्त्री चालते किती वेळ?” बायको म्हणाली. “फ्रीज चालतो दिवसभर. गुणाकार नको का करायला? आणि गीझर कुठे मोजलात?”

गीझरला पिन नव्हती. त्याची वायर भिंतीत सरळ आत गेलेली. यंत्रात खोचणार काय? आणि ज्याच्याविरुद्ध पुरावा नाही तो निर्दोष, हे तत्त्व तर विमा कचेरीतही पाळतात. मी तिला हे समजावून सांगितलं. तिने पुस्तक उघडलं.

इस्त्री माळ्यावर गेली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही इस्त्री साधीसुधी नव्हती, ती माझ्या सासऱ्यांनी आम्हाला लग्नात दिलेली होती. सासऱ्यांनी जन्मभर लाँड्री चालवली. आता दुकान माझा मेहुणा बघतो, पण सासऱ्यांची नजर अजून दुकानातच असते. माणूस भेटला की ते आधी त्याची कॉलर बघतात, मग चेहरा. बायको म्हणाली, “बाबांना कळलं तर?” मी म्हटलं, “बाबा दुसऱ्या गावाला आहेत. माझा शर्ट त्यांना तिथून थोडाच दिसणार आहे?” पुढे मला कळलं की शर्ट दिसायला माणूस जवळ असावाच लागतो असं काही नाही.

माझे सगळे शर्ट सुती. वाळल्यावर ते असे आकसतात की घालणाऱ्यालाच अपराधी वाटतं. उलट बायकोच्या साड्या ज्या कापडाच्या, त्याला इस्त्री लागतच नाही. झटकली की झाली नवी. त्यामुळे पहिल्या सकाळी आम्ही जोडीने जिना उतरलो तेव्हा ती नेहमीसारखी टापटीप, आणि तिच्या शेजारी मी म्हणजे रद्दीतून काढून सपाट केलेला कागद.

तळमजल्यावरच्या काकू दारातच असतात. इमारतीतली कोणतीही बातमी त्यांच्या उंबऱ्यावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्यांनी मला पाहिलं, बायकोला पाहिलं, पुन्हा मला पाहिलं आणि अतिशय मायेने विचारलं, “सगळं ठीक आहे ना रे?”

“वीज वाचवतोय, काकू.”

“हो, हो,” काकू म्हणाल्या. “असंच सांगायचं.”

कचेरीत मॅनेजरांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. मी दावे तपासणारा माणूस. समोरचा कधी सहानुभूती दाखवतोय आणि कधी चौकशी करतोय, हे मला कळतं. ते म्हणाले की घरगुती अडचण कुणालाही येते, रजा हवी असेल तर संकोच करू नका. मी त्यांना कोळसा, धूर, नातवंडं हे सगळं सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. त्या दिवसापासून चहाला माझ्याकडून कुणी पैसे घेईना. हा एवढा एकच फायदा मला सुरुवातीला झाला.

मग सल्ले सुरू झाले. समोरचे भाऊ, म्हणजे मान डोलावणाऱ्या वहिनींचे यजमान, म्हणाले की शर्ट ओला असतानाच अंगावर चढवायचा आणि स्कूटर जोरात चालवायची. वाऱ्याने ताणून वाळतो. मी ते केलं. पुढची बाजू ताणून वाळली खरी, पण पाठ ओलीच राहिली, आणि त्या दिवशी कचेरीतली माझी खुर्ची कुणी वापरेना. वहिनी म्हणाल्या, रात्री शर्टाची घडी करून गादीखाली ठेवा, सकाळी कडक. हा उपाय खरा आहे, पण त्यासाठी घडी नीट घालावी लागते. मी अंधारात घातली. सकाळी खांद्यापासून कमरेपर्यंत अशी एक तिरपी घडी उमटली होती की सत्काराचा पट्टा घातल्यासारखा मी दिसत होतो. शिवाय रात्रभर कूस बदलायची नाही म्हणून मी जो ताठ झोपलो, त्याने मान धरली. मग मी चुरगळलेला शर्ट आणि वाकडी मान घेऊन जिना उतरलो. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

तरीही मी मागे हटलो नाही. व्याख्यानात त्या तज्ज्ञांनी मंजूर भाराविषयी सांगितल्याचं मला अर्धवट आठवत होतं. आपल्या घराला एकदम जास्तीत जास्त किती वीज घ्यायची परवानगी आहे, तो मंजूर भार. तो जास्त असेल तर बिलातला कायमचा आकारही जास्त. मी ठरवलं, तोही कमी करून घ्यायचा. एका सकाळी अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेलो. तिथे तीन खिडक्या होत्या. पहिलीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरीने विचारलं की पहिलीकडे का नाही गेलात. शेवटी खिडकीतल्या बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवला आणि माझ्या शर्टाकडे बघून विचारलं, “भार कशासाठी कमी करायचा? घर बंद करताय?”

“नाही. आम्ही दोघंच असतो.”

“आता एकटेच राहणार का?”

“कोण?”

बाई थोड्या पुढे झुकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “हे बघा, लोक लाजतात. पण वेगळं राहायचं असेल तर भार कमी करून चालत नाही. दुसरं मीटर घ्यावं लागतं. एका घरात दोन चुली झाल्या की आम्ही दोन मीटर देतो. त्याचा अर्ज वेगळा.”

मी म्हणालो की मला दुसरं मीटर नको, मला आहे तेच हळू पळायला हवंय. पण तोवर रांगेत माझ्या मागे कुणीतरी खोकलं. वळून पाहिलं तर समोरचे भाऊ, हातात स्वतःचं बिल घेऊन. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच दाबला.

मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. संध्याकाळी हॉस्टेलवरून लेकीचा फोन आला, “बाबा, तुम्ही आईला काय बोललात?” मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, “तेच तर. तुम्ही काहीच बोलत नाही.” मग ती आईशी बराच वेळ बोलली. बायको फोनवर हसत होती. काकूंनी ते हसणं खालून ऐकलं आणि माझी बायको खचली आहे म्हणून हसते, असा त्याचा अर्थ लावला. आम्ही दोघांनी जोडीने जाऊन काकूंना, भाऊंना, वहिनींना खरं काय ते सांगितलं. जितकं सांगितलं तितका त्यांचा संशय पक्का होत गेला. नवराबायको मिळून एवढं पटवायला येतात म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असं वहिनींचं मत पडलं.

आणि एका सकाळी दार वाजलं. दारात सासरे, सासूबाई आणि एक लोखंडी ट्रंक.

सासऱ्यांच्या अंगावर पांढरा शर्ट होता. रात्रभराचा प्रवास करून आलेला माणूस, पण बाहीवरची घडी अशी की तिच्यावर पेन्सिल धरून रेघ मारावी. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. दोन बोटांच्या चिमटीत माझी बाही धरली, कापड जरा चोळलं आणि विचारलं, “हे कुणी केलं?”

“मीच, बाबा.”

“का?”

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जावईबापू, मी जन्मभर दुकानात बसलो. इस्त्री न करण्याची कारणं मी सगळी ऐकली आहेत. भांडण, दारू, दिवाळं. पण कोळसा वाचवायला इस्त्री सोडली, असं अजून कुणी म्हणालेलं नाही.” आणि ते सासूबाईंना म्हणाले, “ट्रंक आत घे. आपण राहतोय.”

त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. जावई चुरगळला तर लाँड्रीवाल्याच्या मुलीचं काय चाललंय, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्यांना झोप लागत नव्हती, हे सासूबाईंनी मला मागून सांगितलं. मला वाईट वाटलं. पण अध्यक्षांचा चष्मा डोळ्यांपुढे आला की मी पुन्हा ताठ व्हायचो.

आता घरात माणसं चार झाली. संध्याकाळी भाऊ आणि वहिनी समेट घडवायला येऊ लागले. मग काकू. मग दुसऱ्या मजल्यावरचे खजिनदार सहकुटुंब. कुणाच्या घरी जाताना एकटं कशाला जायचं, म्हणून शेजारच्यांना घेऊन येत. आणि एकदा आले की उठत नसत, कारण सासरे बोलायला लागत. लाँड्रीत आलेल्या कपड्यांवरून माणूस कसा ओळखावा, हा त्यांचा विषय. कुणाच्या खिशात काय विसरलेलं सापडलं, कोणत्या बड्या माणसाची कॉलर आतून उसवलेली असायची, लग्नाचा कोट न्यायला नवरदेव आलाच नाही आणि त्याच्याऐवजी नवरी आली, असे एकाहून एक किस्से. लोक आमच्या हॉलमध्ये जमिनीवर दाटीवाटीने बसून ऐकत. समेटाचा विषय पहिल्या दोन दिवसांतच मागे पडला.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. ते माझा पराभव जवळून बघायला आले असावेत. पण नवरी कोट न्यायला आली, या गोष्टीच्या मध्यावर ते आले आणि पुढचं ऐकायला थांबले. दुसऱ्या दिवशी ते जेवण लवकर उरकून आले आणि पंख्याखालची जागा धरून बसले.

मी मात्र रोज सकाळी मीटरसमोर उभा राहायचो. मीटरवर एक लाल दिवा असतो. वीज जास्त ओढली की तो भराभर लुकलुकतो. एका सकाळी तो नुसता नाचायला लागला. मी घरात धावलो. सगळं बंद होतं. फक्त न्हाणीघरातून वाफ येत होती आणि सासरे आत गात होते. त्यांना बारा महिने कडकडीत पाणी लागतं, तेही भरपूर. वाफेशिवाय माणूस स्वच्छ होत नाही, ही त्यांची धंद्यातली श्रद्धा. मी पुन्हा मीटरकडे आलो. गाणं थांबलं, पाण्याचा आवाज थांबला, बायकोने गीझर बंद केला आणि दिवा शांत झाला.

म्हणजे ज्याला पिन नव्हती, तोच निघाला. बायको दारात उभी होती. मी म्हणालो, “एखादी बारीक नोंद कधी सुटतेच.” ती म्हणाली, “म्हणून तर सोलर हवंय.” आणि आत गेली. सासऱ्यांना गार पाण्याने आंघोळ करा म्हणायची माझी छाती नव्हती. सासऱ्यांपुढे हवामानाचंही काही चालत नाही.

बिल आलं. बैठक दुसऱ्या दिवशी होती. मी जिन्यातच पाकीट फोडलं आणि तिथेच पायरीवर बसलो. बिल कमी तर झालं नव्हतंच, उलट गेल्या वेळेपेक्षा बरंच वर गेलं होतं. महिनाभर मी चुरगळून फिरलो, मान धरली, कचेरीत दयेचा चहा प्यायलो, आणि उद्या सगळ्यांसमोर कारंज्यासाठी पहिला हात मलाच वर करायचा होता. मला खरोखर रडू आलं असतं, पण काकूंचं दार उघडं होतं.

घरी येऊन मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून इस्त्री काढली. हरायचंच असेल तर निदान कडक शर्टात हरावं. टेबलावर चादर घातली, शर्ट पसरला. सासरे खुर्चीतून बघत होते. मला वाटलं, त्यांना आनंद होईल.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

मी सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी ते वेगळ्या तऱ्हेने ऐकत होते. कारंजं, दिवे, लोकांचं हसणं, पैज. बायको माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “खरंच आहे, बाबा. भांडण वगैरे काही नाही. मला लाज वाटत होती का, विचारा ना. एकदाही वाटली नाही. एवढा चुरगळून माणूस रोज कचेरीत गेला, ते काय स्वतःसाठी?”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने माझ्याबद्दल असं माझ्यासमोर कुणाला सांगितलेलं मला आठवत नाही. मी इस्त्रीच्या वायरीची गाठ सोडवत राहिलो.

सासरे उठले आणि त्यांनी इस्त्रीची पिन माझ्या हातातून काढून घेतली. “उद्या इस्त्रीचा शर्ट घातलात, तर लोक म्हणतील, जावई हरला. तो मान माझ्या इस्त्रीला नको.” मग त्यांनी स्वतःचा पांढरा शर्ट खुंटीवरून काढला. “उद्या मीही येतो. असाच.”

पण असाच येणं त्यांना जमेना. त्यांनी शर्टाचा बोळा केला. उलगडला तर घड्या सगळ्या सारख्या अंतरावर. ते त्याच्यावर बसले; उठले तर शर्ट आणखी सपाट झालेला. हाताला वळणच ते पडलेलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “द्या इकडे,” आणि त्यांनी तो ओला करून असा पिळला की सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. सकाळी त्यांनी तो अंगात घातला, आरशासमोर गेले आणि झटकन बाजूला झाले. मग पुन्हा समोर जाऊन उभे राहिले.

बैठकीला आम्ही चौघं एका ओळीत उतरलो. सासऱ्यांना पाहून कुजबूज थांबली. लाँड्रीवाला माणूस चुरगळलेला पाहणं म्हणजे काय, हे आमच्या इमारतीला तोवर चांगलं समजलेलं होतं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

“तर,” ते म्हणाले, “बिल?”

मी उभा राहून आकडा सांगितला. वाढलं आहे, हेही सांगितलं. पाठ ताठ ठेवली आणि कारंज्यासाठी हात वर करायला घेतला. तेवढ्यात बायकोने माझं मनगट धरलं.

“एक मिनिट,” ती म्हणाली. “यांचं वाढलं. बाकीच्यांचं किती आलं?”

कुणालाच सांगता येईना; या वेळी सगळ्यांचं लक्ष माझ्याच बिलाकडे होतं. भाऊंनी खिशातून बिल काढलं, कारण ते नेहमी खिशात बिल ठेवतात. ते कमी आलं होतं. वहिनी म्हणाल्या, “अय्या, खरंच की.” खजिनदारांचं कमी आलं होतं. काकूंचं तर जवळजवळ अर्ध्यावर आलं होतं. काकू रोज संध्याकाळी घराला कडी लावून येत आणि गोष्ट संपल्यावरच परत जात. एकेक जण वर जाऊन बिल आणू लागला. दर संध्याकाळी सगळी इमारत आमच्या एका पंख्याखाली आणि दोन दिव्यांत बसली होती. तेवढा वेळ बाकी सगळ्या घरांतले दिवे, पंखे, टीव्ही बंद होते.

“आणि अध्यक्ष, तुमचं?” बायकोने विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, आमच्या खात्यात असं बिल कुणी विचारत नसे. पण खजिनदारांना सगळ्यांची बिलं पाठ. अध्यक्षांकडे एसी आहे. तो आता रोज संध्याकाळी बंदच असायचा, कारण अध्यक्ष आमच्याकडे असायचे. सगळ्या इमारतीत सर्वांत जास्त कमी झालेलं बिल त्यांचं निघालं.

खजिनदारांनी बेरीज केली. इमारतीची एकूण वीज चांगलीच घटली होती. सगळ्या इमारतीत एकच बिल वाढलं होतं, ते माझं, आणि ते ऐकताना माझी छाती जी फुगली ती शर्टाच्या सुरकुत्यांनाही पेलवेना.

“पण पैज यांच्या बिलाची होती,” अध्यक्ष म्हणाले. आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

तेव्हा सासरे उठले. त्यांनी अध्यक्षांची बाही चिमटीत धरली. ती कडक होती. “साहेब,” ते म्हणाले, “कोटाची गोष्ट अजून संपलेली नाही. नवरी कोट घेऊन गेली, पुढे काय झालं ते राहिलंय. पुढचं मी आज रात्री सांगणार होतो. आता कारंज्याचे दिवे लागले तर लोक तिकडे बसतील. मग मी उद्याच्या गाडीने जावं म्हणतो.”

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सोलरला पहिला हात त्यांनीच वर केला. मग एकेक करून सगळे हात वर गेले. काकूंनी दोन्ही हात वर केले.

सासरे-सासूबाई आणखी आठवडाभर राहिले, गोष्ट पुरी व्हायला तेवढे दिवस लागलेच. निघताना ट्रंक रिक्षात चढली. सासरे पायरीवर थांबले आणि पहिल्या दिवशीसारखीच माझी बाही त्यांनी दोन बोटांत धरली. त्यांनी कापड चोळून पाहिलं, जरा दूर धरून पाहिलं, आणि सासूबाईंकडे वळून म्हणाले, “बघ. सुरकुत्या चांगल्या पडल्यात जावयाच्या.”